पखवाजावरचा हात

शनिवारच्या सकाळच्या शाळेत मयुरीनं हात वर केला, तेव्हा फळ्यावर सुवर्णा मॅडमचे चार रकाने आखून झाले होते. नाम, क्रियापद, विशेषण, शब्दयोगी. आठवीची पोरं एकेक इंग्रजी शब्द सांगायची आणि मॅडम तो ज्याच्या त्याच्या घरात बसवायच्या. जानेफळच्या या शाळेत त्या वर्षानुवर्षं असंच शिकवत आल्या होत्या. सगळं निवडून ठेवलेल्या तुरीसारखं वेगवेगळं दिसलं की त्यांच्या जिवाला बरं वाटे.

"मॅडम, तुम्ही 'निअर' शब्दयोगीत लिवला," मयुरी म्हणाली. "पण त्याचं निअरर, निअरेस्ट होते ना. टॉल, टॉलरवानी. मंग विशेषणात काऊन नाही?"

मॅडमचा खडू विशेषणाच्या रकान्यापर्यंत गेला आणि तिथंच थबकला. पोरीचं खरं होतं. पण 'निअर द वेल' म्हटलं की तोच शब्द शब्दयोगीसारखा थेट विहिरीला जाऊन चिकटतो, त्याचं काय? इकडे बसवावा तर डोकं बाहेर, तिकडे बसवावा तर पाय.

"सोमवारी सांगते," त्या म्हणाल्या.

"मॅडमले येत नाही बे," मागच्या बाकावरून गणेश पुटपुटला. वर्ग फिदीफिदी हसला. मयुरीनं मात्र मान खाली घातली, जशी चूक तिचीच.

घरी सुवर्णानं तीन व्याकरणं उघडली. एक म्हणे शब्दयोगी, दुसरं म्हणे विशेषण, तिसरं भलतंच सांगे. आणि तिन्ही आपापल्या जागी ठाम. मेहकरच्या कॉलेजात इंग्रजी शिकली तेव्हापासून एक भीती तिच्या पाठीशी होती, की एक दिवस कोणीतरी विचारील आणि आपलं अज्ञान उघडं पडेल. तिनं मुख्याध्यापक इंद्रभान सरांना फोन लावला.

"सर, पुढच्या वर्षी मले मराठी द्या. इंग्रजी दुसऱ्या कोणाले द्या."

"आज शनिवार आहे मॅडम, उद्या सप्ताहाचा काला," सर म्हणाले. "प्रसाद खा, मंग सोमवारी बोलू."

रविवारी सकाळी मारुतीसमोरचा मांडव भरला. तिचे सासरे वामनराव पखवाजाला होते. काल्याचं कीर्तन म्हणजे सुवर्णाचं माहेरच. पण आज मन काही ठिकाणावर नव्हतं.

महाराज शिळी भाकर घेऊन आलेल्या गवळ्याच्या पोराची गोष्ट सांगत होते. ते पोर लाजून शिदोरी लपवतं आणि देव नेमकी तीच मागतो, इथवर आले आणि महाराजांचा आवाज लांबू लागला. शब्द बोलण्यातलेच, पण त्यांना सूर फुटायला लागला होता. टाळ जवळ आले, वाजले नाहीत. वामनरावांचा तळवा पखवाजावर नुसता टेकलेला. ते बोलणं नव्हतं आणि गाणंही नव्हतं. बायांच्या हातातले पदर वारा घालायचे थांबले. मग थाप पडली आणि मांडव डोलायला लागला. सुवर्णानं डोळे पुसले, तेव्हा तिच्या ध्यानात आलं की पाणी थापेच्या आधीच आलं होतं.

पंगतीत वाढता वाढता तिनं विचारलं, "मामाजी, महाराज बोलून राह्यले का गाऊन राह्यले, हे तुम्हाले कसं समजते?"

"समजते कोठं," वामनराव काला चाखत म्हणाले. "मधात दोन्ही असते. घाई केली त बोलणं मोडते, उशीर केला त गाणं पडते. म्हून हात ठेवाचा आन् ऐकाचं."

"आन् चुकलं त?"

"त महाराज माह्याकडे पाह्यते." ते हसले. "आजबी पाह्यलं एकदा."

सुवर्णा कितीतरी दिवसांनी खळखळून हसली.

सोमवारी मॅडमनी चार रकाने आखले, आणि विशेषण-शब्दयोगीमधली रेघ तळव्यानं पुसून काढली. पुसल्या जागी लिहिलं, 'निअर'.

"म्हंजे नक्की कोठं?" मयुरीनं विचारलं.

"नक्की इथंच. विशेषणाचं काय घेतलं, ते तू शनिवारी सांगितलं. शब्दयोगीचं काय घेतलं, ते आता सगळे मिळून शोधू. आपलं 'जवळ' पाहा. विहिरीजवळ बी म्हणतो, जवळचा माणूस बी म्हणतो. कधी अडलं का?"

कोणाचं अडलं नव्हतं. पोरं शोधायला लागली तसे पुसल्या जागेत आणखी शब्द येऊन बसले. गणेश उभा राहिला. "मॅडम, मंग परीक्षेत काय लिवाचं?"

"वाक्य पाहून लिवाचं. शंका आली त हात वर कराचा. मी बी पुस्तकं पाहीन, पुस्तकांचं जमलं नाही त तसं सांगीन."

"तुम्हाले बी शंका येते?" मयुरी म्हणाली.

"हाव. मले त शनिवारपासून येऊन राह्यली." वर्गात आपण घरचं बोलून गेलो हे मॅडमच्या लक्षात आलं, पण त्यांनी ते सुधारलं नाही. छातीवरचं ओझं कुणी अलगद उतरवून ठेवावं तसं त्यांना वाटत होतं. आज वर्ग हसला, तो त्यांच्यासोबत.

दारात इंद्रभान सर उभे होते. "मॅडम, ते मराठीचं बोलाचं होतं ना?"

"राहू द्या सर."

मयुरीचा हात पुन्हा वर गेला होता. मॅडमनी खडू खाली ठेवला, तळवा टेबलावर टेकवला आणि ऐकू लागल्या.