तिसऱ्या सिलिंडरची तक्रार

मित्रांनो, गाडीचे दुखणे वाचून दाखवणारा मी एक छोटा, स्वस्तातला स्कॅनर आहे. तळहातावर मावेल एवढाच माझा जीव. एक जाड वायर, पोटावर इवलासा पडदा आणि त्याखाली चार कळा. माझ्या कोपऱ्याला तडा गेला आहे आणि एक कळ पिठाने चिकट झाली आहे. नजर मात्र अजून शाबूत आहे.

माझा जन्म कारखान्यातल्या एका लांबलचक टेबलावर झाला. एकीने पडदा बसवला, दुसरीने वायर जोडली, तिसरीने कळा दाबून पाहिल्या आणि मान डोलावली. तेवढेच काय ते माझे बारसे. मग भावंडांबरोबर खोक्यात बसून मी एका दुकानात आलो.

दुकानात वरच्या फळीवर पेटीतला मोठा स्कॅनर बसे. त्याला ब्रेकचेही कळे, एअरबॅगचेही कळे आणि त्याचा ताठा काही विचारू नका. खालच्या फळीवर अंगठ्याएवढा एक होता. त्याला पडदाच नव्हता, बोलायचे तर फोन लागे. मी मधल्या फळीवर. गिऱ्हाईक मला उलटेपालटे करून बघत, नाक मुरडत आणि परत ठेवून देत.

एके दिवशी बेकरीवाल्या काकू आल्या. बाह्यांना पीठ लागलेले, मागे त्यांचे जावई. काकूंची एक जुनी छोटी गाडी होती. तिच्यातून त्या दुकानोदुकानी पाव पोचवत. त्या गाडीचा, बिघाड सांगणारा इंजिनाचा दिवा मधूनच लागे आणि मिस्त्रीकडे नेईपर्यंत विझून जाई. मिस्त्रीही हात टेकून बसला होता. म्हणून काकूंनी ठरवले, दिवा लागेल तेव्हा वाचणारा कोणीतरी घरातच हवा.

"हा काय काय सांगतो?" त्यांनी मला उचलून विचारले.

"इंजिनाचं सगळं सांगतो," दुकानदार म्हणाला.

"आणि ब्रेकचं?"

दुकानदाराने डोके खाजवले. "ब्रेकचं नाही सांगत. त्याला वरचा मोठा घ्यावा लागेल."

"खरं बोललात, बरं झालं. ब्रेक मी मिस्त्रीकडून बघून घेईन. याला फोन लागतो का? माझे हात सदा पिठात. आणि माझ्या गाडीला चालतो का, ते आधी लावून दाखवा. घरी नेऊन मग कपाळाला हात लावायची माझी तयारी नाही."

जावई मध्येच म्हणाले, "आई, तो अंगठ्याएवढा घ्या की. दिवा तर तोही घालवतो."

"मला दिवा घालवायचा नाही हो. का लागतो ते कळायला हवं."

मित्रांनो, त्या क्षणी मी काकूंचा झालो. दुकानाबाहेर त्यांच्या गाडीत स्टिअरिंगखाली मला खुपसले, तेव्हा मी इंजिनाचे तापमान चटकन दाखवले. काकू हसल्या. मोठ्या स्कॅनरकडे मी मुद्दामच पाहिले नाही.

पण पुढे घडले ते वेगळेच. सकाळी काकू भट्टीपाशी अडकलेल्या असत. गाडी दाराशी आणून पाव भरायचे काम जावयांचे, त्यामुळे मी त्यांच्या ताब्यात गेलो. स्वभावाने माणूस लोण्यासारखा. फोटो स्टुडिओत कामाला होते. लोकांच्या चेहऱ्यावरचे डाग, पुटकुळ्या, सुरकुत्या पुसून द्यायचे. कुठे काही खटकले की पुसून टाकायचे, ही सवय त्यांच्या हाडीमाशी खिळली होती. दिवा लागला की ते मला लावत. इंजिनात पेट्रोल पेटते त्या चार नळकांड्यांना सिलिंडर म्हणतात. मी जीव तोडून लिही: 'तिसरा सिलिंडर नीट पेटत नाही.' ते वाचत आणि लगेच खोडायची कळ दाबत. दिवा विझे.

"काय म्हणाला हो तो?" भट्टीजवळून काकू विचारत.

"काही नाही, आई. गेला दिवा."

मला संताप येई. दिवा विझला म्हणजे दुखणे बरे झाले का? काही दिवसांनी तीच तक्रार पुन्हा येई आणि पुन्हा खोडली जाई. ओरडून सांगावेसे वाटे, पण मला तोंड कुठे होते? काकूंना वाटे, पैसे देऊन आणलेला हा डबा काही कामाचा नाही. त्यांची ती नजर मला फार लागली.

आणि मग ती दुपार आली. त्याच दिवशी सकाळी जावयांनी तिसऱ्या सिलिंडरची तक्रार खोडली होती.

काकूंच्या लेकीचे दिवस भरत आले होते, पण तारखेला अजून अवकाश होता. अचानक तिच्या पोटात कळा सुरू झाल्या. दवाखाना टेकडीपलीकडे. काकूंनी पावांचे ट्रे रस्त्याकडेला उतरवले, लेकीला मागच्या सीटवर आडवे केले, जावयांना तिच्याजवळ बसवले आणि गाडी सोडली. मी पुढच्या खणात पडून होतो.

"डोळ्यांपुढे काजवे चमकताहेत रे," लेक नवऱ्याला म्हणाली.

"काही नाही, उन्हानं होतं तसं. डोळे मिटून पड."

चढ सुरू झाला आणि गाडीने पहिला हिसका दिला. मग दुसरा. इंजिन खोकल्यासारखे करू लागले. समोरचा दिवा नुसता लागला नाही, तो उघडझाप करू लागला. मित्रांनो, नुसता लागलेला दिवा म्हणजे 'मला दाखवून घ्या.' उघडझाप करणारा दिवा म्हणजे 'आता थांबा.' काकूंनी गाडी कशीबशी कडेला घेतली. एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला उतार. लेक मागे विव्हळत होती.

जावयांनी दवाखान्यात फोन लावला. तिथली गाडी दुसऱ्या पेशंटला आणायला गेली होती. काकूंच्या तोंडचे पाणी पळाले.

"तो डबा लावा!"

जावयांनी पुढे वाकून मला लावले. मी क्षणाचाही वेळ न घालवता लिहिले: 'तिसरा सिलिंडर नीट पेटत नाही.' त्यांचा अंगठा सवयीने खोडायच्या कळेवर गेला.  आता खोडले, तर कुठे शोधायचे ते काकूंना कळणार नव्हते.

"खबरदार हात लावलास तर!" काकू ओरडल्या. लग्नापासून त्यांनी जावयांना कधी अरेतुरे केले नव्हते. "काय लिहिलंय? मोठ्यानं वाच."

"तिसरा... तिसरा सिलिंडर."

"याआधी काय लिहायचा?"

जावयांचा चेहरा पांढराफटक पडला. "हेच, आई. दर वेळी हेच. मी खोडत होतो."

 इंजिन बंद करून काकूंनी बॉनेटचा खटका ओढला. दोघेही खाली उतरले. तिसरा म्हणजे कोणत्या टोकाकडून तिसरा, हे दोघांनाही माहीत नव्हते. पण निदान काय बघायचे ते माहीत होते. चार सिलिंडरांवर चार टोप्या, प्रत्येकीला वीज पुरवणारी एकेक वायर. तीन वायरी घट्ट बसलेल्या आणि एक लोंबत असलेली. तिच्या टोकाचे प्लॅस्टिकचे कुलूप उंदराने कुरतडले होते. पिठाच्या वासाने तो आत शिरला असणार. सपाट रस्त्यावर ती वायर कशीबशी तग धरी आणि धक्का बसला की निसटे.

जावयांनी ती दाबून बसवली. काकूंनी पावांच्या पिशव्या बांधायची सुतळी आणली आणि जावयांनी ती वायरीवरून दोनदा गुंडाळून गाठ मारली. तेवढ्यात मागून लेकीची किंकाळी आली. दोघे धावतच गाडीत शिरले.

"आता खोड," काकू म्हणाल्या. "परत लिहितो का बघू."

त्या दिवशी पहिल्यांदा मला खोडल्याचा आनंद झाला. गाडी सुरू झाली. इंजिन एकसारखे चालू लागले. मी डोळ्यांत तेल घालून बसलो होतो. चढ संपला, उतार लागला, माझा पडदा कोरा राहिला.

दवाखान्याच्या दारात उतरताना जावयांनी मला उपटून शर्टाच्या खिशात कोंबले. का, ते त्यांनाही सांगता आले नसते. म्हणून पुढचे सगळे मी खिशातून ऐकले.

डॉक्टरबाई आल्या. "कळा कधीपासून? दुसरा काही त्रास?"

"काही नाही," लेक थकून म्हणाली. "ठीक आहे मी."

खिशामागे जावयांच्या छातीचे ठोके एकाएकी वाढले. ते गप्प राहतील, असेच मला वाटले. 

"नाही डॉक्टर, ठीक नाही," ते म्हणाले. "परवापासून डोकं दुखतंय म्हणते. पाय सुजलेत, बोटातली अंगठी निघत नाही. आत्ता गाडीत डोळ्यांपुढे काजवे चमकले. दर वेळी ती सांगत होती आणि दर वेळी मी म्हणालो, काही नाही, झोप."

डॉक्टरबाईंचा आवाज बदलला. "प्रेशर घ्या आधी!" पट्टा बांधल्याचा आवाज, हवा भरल्याचा आवाज, मग क्षणभर शांतता. "आत घ्या. लगेच!" चाके खडखडली आणि दार बंद झाले.

बाकड्यावर दोघे शेजारी बसले. 

"आई, मी गाडीचं खोडलं ते खोडलंच, पण तिचंही..." जावई म्हणाले.

"आत्ता बोललास ना? बस इथे माझ्याजवळ."

दार उघडले तेव्हा मी आधी पावलांचा अंदाज घेतला. पावले सावकाश येत होती. मला काही कळेना. मग डॉक्टरबाई म्हणाल्या, "मुलगी झाली. दोघीही सुखरूप आहेत. प्रेशर फार चढलं होतं, कोणत्याही क्षणी आकडी आली असती. तुम्ही सगळं सांगितलंत, म्हणून आम्ही वेळ घालवला नाही."

काकूंचा हुंदका ऐकू आला. जावयांनी मान खाली घातली. माझ्यावर टपटप पाणी पडले आणि खिसा ओला झाला.

मित्रांनो, मला विकत घ्याल तर जरूर घ्या. मी स्वस्त आहे, पण खोटारडा नाही. घेण्याआधी तुमच्या गाडीला लावून बघा, मला काय कळते ते विचारा आणि काय कळत नाही तेही विचारा. खोडायची कळ फार सोपी असते. ती दाबण्याआधी मी काय लिहिले आहे ते वाचा आणि कोणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा. आणि घरातले कोणी 'दुखतंय' म्हणाले, तर ते माझ्या पडद्यावरच्यासारखे खोडून टाकू नका. त्याच्याजवळ बसा, पुन्हा विचारा.

आज बेकरीच्या वरच्या खोलीत ती छोटी रडते, तेव्हा तिला उचलून घ्यायला तिची आई आहे.