घरगुती वापराची मशीन

भोकरच्या घराला भाडेकरू मिळाला, म्हणून ते रिकामं करावं लागलं. पलंग गेला, दोन कपाटं गेली, तेव्हा धुरपताबाईंनी मान वळवूनही पाहिलं नाही. शिलाई मशीन मात्र नांदेडच्या एका कपड्यांच्या दुकानदारानं मागून नेली. शिवायला नव्हे, काचेमागं शोभेला ठेवायला. पायानं चालवायची, काळी, सोनेरी वेलबुट्टीची. तिचे बारा हजार त्यानं थेट धुरपताबाईंच्या खात्यात टाकले आणि त्यांच्या थोरल्याची, विनोदची, झोप उडाली.

विनोद लातूरच्या एका शाळेत मास्तर. विंचवाला भ्यावं तसा तो सरकारी कागदाला भ्यायचा. "माय, खात्यात पैसे आले की वर दिसते. उद्या नोटीस आली तर?"

वर म्हणजे कुठं, हे धुरपताबाईंनी विचारलं नाही. वर एक तर आभाळ होतं, नाही तर सरकार. दोघांनीही आजवर त्यांची फारशी चौकशी केली नव्हती.

नवऱ्याच्या मागं मिळालेल्या पैशाचं व्याज बँक त्यांना द्यायची आणि त्यातून टॅक्स कापायची. तो परत मिळवायला टॅक्सची कामं करणारे राजशेखर सर दरवर्षी त्यांचं रिटर्न भरत. यंदा विनोदनं मायलाही सोबत नेलं. विकणारी समोर असलेली बरी.

सरांचं ऑफिस गंजगोलाईच्या बाजारामागं, दोन जिने चढून. कपाळावर भस्माचे पट्टे, अंगात नवा कोरा शर्ट, आणि बोलता बोलता कॉलर ओढायची सवय.

"सोपं हाय हो," सर म्हणाले. "घरातली वापरायची वस्तू विकली, पलंग म्हणा, कपाट म्हणा, त्यावर टॅक्स न्हाई. सोनं असतं तर गोष्ट वेगळी. मशीन घरगुती वापराचीच होती ना?"

"हाव सर, घरगुतीच," विनोद घाईनं म्हणाला. "माय टाइमपास म्हणून शिवायची. घरापुरतं."

पदर सारखा करणारा धुरपताबाईंचा हात थांबला. टाइमपास हा शब्द त्यांना चांगला माहीत होता. रेल्वेत शेंगदाणेवाला तोच ओरडायचा.

चौदा एप्रिलच्या आधीचे पंधरा दिवस धुरपताबाई मशीनवरून उठत नसत. पांढऱ्या साड्यांवरची ब्लाउजं, पोरांचे सदरे, सासूच्या शिव्या, सगळं त्या चाकाच्या आवाजात चालायचं. विनोदचं डीएड त्याच चाकावर झालं. पण रेशनकार्डावर, बँकेत, जिथं जिथं धंद्याचा रकाना आला तिथं कुणीतरी 'घरकाम' लिहून मोकळं झालं. त्यांनीही कधी हरकत घेतली नाही, कारण त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. आज विचारलं होतं, आणि उत्तर पोटच्या पोरानं दिलं होतं.

"न्हाई," त्या म्हणाल्या.

"काय न्हाई, मावशी?"

"घरगुती न्हाई. धंदा व्हता माझा."

"माय, गप की! टॅक्स बसल."

"बसू दे. पैसे घेऊन लोकायचे कपडे शिवले मी. चोरी केली का?"

सरांनी कॉलर ओढली. "तसं असलं तर मशीन धंद्याची ठरती, मावशी. फॉर्म बदलतो, माझं काम वाढतं. बरं, काही पुरावा? पावती, दुकानाची पाटी?"

पाटी कुठली. बाया मापाला जुनं ब्लाउज आणून द्यायच्या आणि नव्यासोबत परत न्यायच्या. धुरपताबाई सरांकडं बघत राहिल्या. तोंडाकडं नव्हे, खांद्याकडं.

"तुमचा डावा खांदा अर्धं बोट उतरता हाय," त्या म्हणाल्या. "टेलरनं दोन्हीकडं सारखंच कापलं. म्हणून कॉलर पळून राहिली तिकडं. द्या इकडं एक दिवस, उसवून देते."

"मशीन तर विकली की, माय," विनोद पुटपुटला.

"सुई न्हाई विकली."

सरांचा हात कॉलरवरच राहिला. मग ते पोट हलेस्तोवर हसले. "पुरला पुरावा." त्यांनी कॉम्प्युटरची बटणं बडवली आणि पडदा धुरपताबाईंकडं वळवला. "हे बघा. धंदा, शिवणकाम."

इंग्रजी अक्षरं होती. धुरपताबाईंनी काचेवर बोट ठेवून ती नीट पाहून घेतली. "मंग टॅक्स किती?"

"काहीच न्हाई. सगळं मिळून मर्यादेच्या आतच हाय."

"काहीच न्हाई?" त्यांचा चेहरा पडला. "थोडा तरी?"

विनोदनं घाम पुसला. सर पुढचा रकाना बघत होते.

"कामाला कुणी होतं का हाताखाली?"

धुरपताबाईंनी विनोदकडं पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. भोकरच्या शाळेत पोरं त्याला 'हुक्या' म्हणायची. त्या नावापायी तो एकदा तीन दिवस शाळेत गेला नव्हता.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "मी एकटीच."

विनोदनं घसा खाकरला.

"होतं, सर. ब्लाउजची हुकं मी लावायचो. दहावीपर्यंत."

"लई वाकडी लावायचा," धुरपताबाई सरांना म्हणाल्या. "निम्मी मी उसवायची अन् परत लावायची."