कॅलेंडरातलं पाणी

मित्रांनो, माझा रंग आता हिरवट पडलाय. पण चिंच लावून घासलंत तर कळेल, जुना असलो तरी मी अस्सल पितळेचा नळ आहे. मोताळ्याकडच्या एका खेड्यात, रस्त्यालगतच्या ओट्यावर माझं सगळं आयुष्य गेलं. एके काळी माझा फोटो जिल्हाभर भिंतीभिंतींवर टांगलेला होता. ऐकायला छान वाटतं ना? पण त्या फोटोची मला आजही लाज वाटते. का, ते सांगतो.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. मलकापूरच्या दुकानातून मला बैलगाडीनं इथे आणलं. गवंड्यानं ओटा बांधला, मागे भिंत उभारली आणि मला तीत बसवलं. सरपंच नारायणरावांनी नारळ फोडला, बायांनी हळदकुंकू वाहिलं. मी नुसता फुगून गेलो! आता तळ्यापासून पाइप येणार आणि बायांची दीड कोसाची पायपीट संपणार. पण पाइप कुठला यायला! भिंतीमागे चार हात नळी उभी राहिली आणि काम तिथेच ठप्प झालं. आज येतो, उद्या येतो करता करता माझ्या तोंडात गांधीलमाशीनं घर केलं.

अशात एक दिवस शालिग्राम आला. मुंबईच्या एका पाइप कंपनीचा हा प्रसिद्धीचा माणूस. होता आपल्याच जिल्ह्यातल्या देऊळघाटचा, पण अंगात टेरिलिनचा बुशशर्ट आणि सोबत फोटोग्राफर. लोकांत कंपनीचं नाव व्हावं म्हणून त्याला नव्या वर्षाचं कॅलेंडर काढायचं होतं, आणि त्यावर नळावर पाणी भरणारी बाई हवी होती. माझा नवाकोरा ओटा त्याला पाहताक्षणी आवडला. मला पाणीच नाही हे कळलं तेव्हा तो जरा हिरमुसला. मग भिंतीमागे डोकावून आला.

"नारायणराव, या नळीत वरून पानी ओतलं तं धार येईन न?"

"येईन. पन हे खोटं नाही होत काय, भाऊ?"

"खोटं काऊन? उद्या पानी येनारच हाये. आपन उद्याचं खरं आज दाखवून राह्यलो. फोटो पाहून तुमचं कामबी लवकर होईन."

ओट्यावर बसलेली अंबूबाई म्हणाली, "उद्याचं पानी आज पेता येते काय रे, बापा?" सगळे हसले. शालिग्रामही हसला.

आता आमच्या गावची एक रीत ऐका. भर उन्हाळ्यात कुणाकडे लग्न निघालं की मांडवात घरटी एक घागर जाते. कुणाला मागावं लागत नाही, कुणी नाही म्हणत नाही. शालिग्राम तर गावचा पाहुणा, आणि पाहुण्याला पाणी हवं होतं. झालं! घराघरातून एकेक घागर निघाली. अंबूबाईचा लेक शेषराव भिंतीवर चढून ते पाणी नळीत ओतू लागला आणि माझ्यातून धार सुटली. त्याची बायको कोकिळा ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून माझ्याखाली घागर धरून हसली. फोटोग्राफरचं काही समाधान होईना. पाणी भरपूर दिसलं पाहिजे, म्हणाला. पुन्हा ओतलं, पुन्हा ओतलं. घागर उतू गेली, ओट्यावरून पाणी वाहिलं आणि धुळीत जिरलं.

खोटं कशाला बोलू, त्या वेळी मला आनंदच झाला. जन्मातली पहिली धार! पण दिवस मावळायला लागला तसे रिकामे हंडे घेऊन बाया परत तळ्याकडे निघाल्या. मागे लेकरं पाण्यासाठी रडत होती. माझा आनंद तिथल्या तिथे विटला.

कॅलेंडर निघालं. माझ्या चित्राखाली मोठ्या अक्षरांत छापलं होतं, 'घरोघरी गंगा'. पुढच्या उन्हाळ्यात तळं तळाला गेलं, तेव्हा नारायणराव चार माणसं घेऊन पाइपासाठी कचेरीत गेले. परतल्यावर ओट्यावर टेकून ते गावाला सांगत होते.

"सायबानं भिंतीवरच्या कॅलेंडराकडं बोट केलं. म्हने, 'तुमच्याकडे नळ आहे की! पाणी वाहून चाललंय. ज्यांच्याकडे काहीच नाही, त्यांना आधी देऊ.' म्या म्हनलं, फोटो खोटा हाये. तं म्हने, 'मग पाणी कोणी ओतलं?'"

"मंग?" शेषरावानं विचारलं.

"मंग काय! आमीच, म्हना लागलं."

मला वाटलं, कुणीतरी मला उपटून परत भट्टीत टाकावं.

आणि त्याच उन्हाळ्यात शालिग्राम पुन्हा हजर! नवं कॅलेंडर काढायला. एस.टी.तून उतरला तेव्हा त्याचे ओठ सुकले होते. कोकिळेनं रिकामा तांब्या आणून माझ्याखाली ठेवला.

"घ्या भाऊ, पानी घ्या. तुमच्याच नळाचं हाये."

त्यानं मला फिरवलं. माझ्यातून गांधीलमाशी बाहेर आली. कोकिळेनं मग कचेरीतली सगळी हकीकत त्याला ऐकवली. एवढ्या उन्हात पाहुणा उभा आणि एकाही घरातून पाणी येईना! असं आमच्या गावात कधी झालं नव्हतं. शेवटी अंबूबाईच उठली आणि अर्धा तांब्या घेऊन आली.

"घे. हे मात्र खरं हाये."

त्यानं एक घोट घेतला आणि तांब्या परत तिच्यापुढे धरला. "मावशी, लई चुकलं मायं," एवढंच तो म्हणाला. मग त्यानं कोकिळेला विनवून तेच हिरवं लुगडं नेसायला लावलं आणि फोटो काढवला. कोरडा मी, रिकामी घागर, आणि ती या वेळी हसली नाही. तो फोटो घेऊन तो स्वतः कचेरीत गेला. 'भिंतीवरचा फोटो मीच रचला होता,' असं साहेबासमोर बोलला. कंपनीनं त्याला काढून टाकलं.

पाइप यायला तरी दोन वर्षं लागलीच. नारळ फुटला, पाणी आलं, पण त्या दिवशी फोटो काढायला कुणी नव्हतं.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल. तुमच्यातला कुणी कंपनीचं, कुणी कचेरीचं नाव लोकांपुढे नेईल. हात जोडून सांगतो (नळाला कुठले आलेत हात!), जे आहे तेच दाखवा. चित्र बघणारा माणूस त्यावर भरवसा ठेवतो आणि तहानलेला कोपऱ्यात राहतो.

कोकिळा आता स्वतः सासू झाली आहे. सकाळी मला सोडलं की आधी फुस्स करून हवा येते. बाकीच्या बाया घागर लावून मोकळ्या होतात. कोकिळा मात्र आधी रिकामी ओंजळ धरते. ती ओली झाली की मगच घागर ठेवते. गळायला लागलो तर माझा वायसर बदलता येतो. पण मोडलेला भरवसा तसा बदलून बसवता येत नाही; इतकी वर्षं पाणी दिलं, तरी तिची ओंजळ अजून रोज माझ्याखाली येते.