दुधातली अर्धी गोळी

म्हातारे बाबा पहाटेच उठायचे आणि दुकानाच्या किल्ल्या शोधत घरभर हिंडायचे. दाढी-कटिंगचं ते दुकान आता मुलगा चालवत होता, तरी बाबांचा जीव तिकडेच ओढायचा. कुणाचीच झोप पुरी होईना. मग मुलानं आपल्या झोपेच्या गोळीतली अर्धी कुटून बाबांच्या रात्रीच्या दुधात घालायला सुरुवात केली. डॉक्टरांना विचारलं नाही, बायकोलाही सांगितलं नाही. माणसाचं मन मोठं लबाड हो, पापालासुद्धा ते आधी काळजी म्हणूनच हाक मारतं.

घर शांत झोपू लागलं. बाबा मात्र दिवसाही पेंगायला लागले, भिंत धरून चालू लागले. एकदा तर त्यांनी सुनेलाच विचारलं, "तुम्ही कोण?"

"वय झालं हो त्यांचं," ती हळहळली. मुलगा खाली मान घालून जेवत राहिला.

विसरभोळेपणावर औषध सुरू करायला आज संध्याकाळी डॉक्टरांकडे जायचं होतं. सकाळी मुलानं बाबांना आरशासमोर बसवून फेस लावला. बाबांनी डोळे मिटून गळा पुढे केला. गळ्यावर वस्तरा असताना दोघांनीही बोलायचं नाही, हा दुकानाचा नियम बाबांचाच. मुलाला तो अलीकडे फार सोयीचा झाला होता. पण आज त्या सुरकुतलेल्या, निर्धास्त गळ्यावर त्याचा हात चालेना.

"काय रे, धार गेली की धीर गेला?"

त्यानं वस्तरा खाली ठेवला.

"बाबा, तुमच्या दुधात मी झोपेची गोळी घालत होतो. तुम्हाला न सांगता."

बाबांनी डोळे उघडून आरशातून त्याच्याकडे पाहिलं. एक थोबाडीत बसली असती तर मुलाला बरं वाटलं असतं.

"म्हणजे माझं डोकं गेलेलं नाही?"

"थोडं वयाचंही असेल, बाबा. मला खरंच नाही माहीत."

"अरे, तुम्हा सगळ्यांची नावं घोकत झोपायचो मी. सकाळी उठावं तर पाटी कोरी! घाबरून बोललो नाही कुणाला. म्हटलं, तुझ्या जिवाला घोर नको."

मुलगा त्यांच्या गुडघ्यांवर डोकं ठेवून हुंदके देऊ लागला.

"रड, पण फेस वाळतोय," बाबा म्हणाले. मग जरा चाचरत, "संध्याकाळपर्यंत मी विसरेन हे सगळं. डॉक्टरांना तू सांगशील ना?"

त्यात टोमणा नव्हता, खरोखरची विनवणी होती.

"अगं," मुलानं डोळे न पुसताच बायकोला हाक मारली, "जरा इकडे ये. तुलाही सांगायचंय."