क्लिफर्ड नावाची बंडी

"पायांकडे बघू नका, वर बघा! टेकडी काय पळून जाते होय!"

ही हाक कितीतरी वर्षांपूर्वीची, पण माझ्या धाग्याधाग्यांत ती अजून घुमते. क्लिफर्ड ती मागून धापा टाकत येणाऱ्या सोबत्यांना द्यायचा आणि स्वतः पुढे निघून जायचा. मित्रांनो, मी त्याची धावायची बंडी. आता जुनी झाले, काखेत विरले. पण अजून कुणाच्याही अंगावर ताठ मानेने बसेन.

इंग्लंडात, यॉर्कशरमधल्या एका कापड रंगवायच्या कारखान्यात क्लिफर्ड कामाला होता. त्याच्या धावपटूंच्या मंडळाच्या बंड्या त्यानंच रंगवल्या. व्हायच्या होत्या लाल, झाल्या जांभळट.

"अरे, बिटाच्या लोणच्यात बुडवल्यास की काय?" मंडळी म्हणाली.

"लांबून ओळखू याल, हे काय कमी झालं?" तो म्हणाला.

धुक्यात धावलो, चिखलात धावलो, मेंढ्यांच्या वाटांनी वर चढलो, ओढ्याओढ्यांनी खाली उतरलो. त्याची बायको एनिड मला हातानं धुवायची. मी दोरीवर दिसले की शेजारणी समजायच्या, क्लिफर्ड काहीतरी जिंकून आला.

मग त्याचे गुडघे कुरकुरू लागले आणि मी खणात गेले. कपाटाच्या अंधारात किती हिवाळे गेले, मला ठाऊक नाही. एका सकाळी त्यानंच मला बाहेर काढलं. मला वाटलं, आज टेकडी! त्यानं मला बुटाच्या पॉलिशमध्ये बुडवलं आणि शांतपणे बूट घासू लागला.

त्याची मुलगी हेझल धावत आली. "बाबा, ही तुमची बंडी आहे!"

"माझी?" त्यानं मला उलटंसुलटं करून पाहिलं. "असेल बुवा."

तो डाग अजून माझ्या कडेला आहे. मी त्याच्यावर रागावले नाही. त्याच्या मनातून एकेक गोष्ट पुसली जात होती. मी त्यातली एक.

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं होतं. एनिडनं ते कधी ओठांवर आणलं नाही. कुणी विचारलं की म्हणायची, "जरा थकलाय." तो घराबाहेर निघून जाऊ नये म्हणून ती दाराला खुर्ची लावून त्याच खुर्चीत झोपायची. अशा घरांना मदत करणारी एक संस्था होती. तिथली नर्स घरी यायला तयार होती. एनिडनं तिला दारातूनच परत पाठवलं. "आमच्याकडे कुणी आजारी नाही."

"आई, अशानं तू आधी कोसळशील," हेझल म्हणायची. एनिड चहाचं आधण ठेवायची, झालं.

मग हेझलनं ठरवलं, शहराची मॅरेथॉन धावायची आणि त्या संस्थेसाठी पैसे गोळा करायचे. अशा शर्यतीत धावणारे छातीवर आपलं नाव लावतात, म्हणजे रस्त्याकडेचे अनोळखी लोकही नावानं हाक मारून बळ देतात. हेझलनं मला धुतलं, उसवलेलं शिवलं आणि इस्त्रीनं माझ्यावर ठळक अक्षरं चिकटवली: क्लिफर्ड.

एनिड भडकली. "गावभर दवंडी पिटतेस?"

"नाव लिहिलंय, आई. आजार नाही लिहिला."

"लोक विचारतील."

"मग सांग त्यांना."

"काय सांगू? थकलाय तो."

शर्यतीच्या दिवशी काय मजा झाली! "चल क्लिफर्ड!" लोक ओरडत आणि हेझलकडे पाहून हसत. "अगं, दाढी कुठे ठेवलीस, क्लिफर्ड?" चढावर तिचे पाय जड झाले, मी घामानं चिंब झाले, पण मला खात्री होती, पोर पोचणार. चढ मला नवे नव्हते.

मित्रांनो, एक मागणं आहे. कपडा विटला म्हणून त्याचं फडकं करू नका. आणि माणूस विसरू लागला म्हणून त्याला नावानं हाक मारणं सोडू नका. असं का म्हणते, ते ऐका.

चर्चजवळच्या वळणावर दोरीपलीकडे एनिड आणि क्लिफर्ड उभे होते. "शाब्बास क्लिफर्ड!" गर्दी गरजली. तसा माझा म्हातारा ताठ झाला. त्यानं टोपी काढली, हात उंचावला.

"आभारी आहे, मंडळी. आता थोडंच राहिलंय."

पुन्हा हाक आली, पुन्हा त्यानं हात उंचावला. हेझल थांबली आणि दोरीवरून वाकून तिनं त्याला मिठी मारली. त्यानं तिच्या ओल्या केसांवरून हात फिरवला.

"छान धावतेस, पोरी. कुणाची गं तू?"

शेजारी संत्र्याच्या फोडी वाटणारी एक बाई होती. तिनं हळूच एनिडला विचारलं, "बरं नाही का त्यांना?"

एनिडनं माझी कड घट्ट धरली. नेहमीचं उत्तर तिच्या ओठांपर्यंत आलं, हे मला कळलं. तिनं ते गिळलं.

"माझा नवरा आहे," ती म्हणाली. "डिमेन्शिया झालाय त्याला. पोटच्या पोरीला ओळखत नाही तो. आणि मला एकटीला आता झेपत नाही." मग तिनं माझी कड सोडली. "जा, हेझल, पूर्ण कर. आणि उद्या त्या नर्सबाईंना घरी बोलाव."