बड्याची हंडी

विमलबाईंच्या सुनेला डोहाळे लागले, आणि लागले ते कसले, तर बड्याच्या मटणाचे. बड्याचं म्हणजे बैलाचं. तेही रस्सा-बिस्सा नव्हे, हंडीत घालून निखाऱ्यावर कोरडं भाजलेलं. आता बोला. लोकांच्या सुनांना चिंचा आठवतात, कैऱ्या आठवतात, फार तर चुलीतली माती खावीशी वाटते. या बाईच्या नशिबी हे आलं.

यंदा पावसानं दगा दिला, रानात कुसळ उगवलं नाही, म्हणून मुलगा पंडित आणि सून सुभद्रा माजलगावच्या बाजूला ऊसतोडीला गेलते. विमलबाईंचे मालक सुंदरराव गावच्या सोसायटीचे चेअरमन, आणि चेअरमनचा मुलगा कोयता घेऊन निघाला म्हणून गाव काय काय बोललं. बोलणाऱ्याचं काय जातंय. पुढं सुभद्रेला दिवस गेले आणि पोटात अन्न ठरेना झालं, तसं पंडितनं तिला गावी आणून सोडलं आणि तो परत फडावर गेला. मागच्या साली असंच झालं होतं. असंच खाणं सुटलं, आणि मूल गेलं. विमलबाईंना त्यामुळं धड झोप नव्हती. भाकरी केली, पेज केली, शिरा केला, नेकनूरच्या डॉक्टरची बाटली आणली. पोरगी दोन घास खायची आणि परसात जाऊन ओकायची. गालफडं आत गेली, डोळे खोल गेले. डोहाळे पुरवले नाहीत तर लेकराची लाळ जन्मभर गळते म्हणतात, पण लेकरू हाती लागलं तर लाळ गळणार ना.

"तुला वाटतंय तरी काय खावं?" असं शेवटी खडसावून विचारलं, तेव्हा सुभद्रेनं मान खाली घालून सांगितलं.

"कुठं खाल्लंस गं हे?"

"फडावर, आत्याबाई. छबुमावशीच्या कोपीत. आमची पाचटाची झोपडी तिच्या कोपीला लागूनच होती."

छबुबाई याच गावची, बौद्धवाड्यातली. कंबर धरली म्हणून तीही तोड अर्ध्यावर टाकून माघारी आली होती. विमलबाईंच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. सगळी दुपार त्यांनी भांडी आपटली, शेळीला उगाच शिव्या घातल्या. संध्याकाळी पोरगी परसातून भिंत धरून धरून आत येताना दिसली, आणि त्यांचा राग कुठल्या कुठं गेला. चपला घालून त्या तशाच बौद्धवाड्याकडं निघाल्या. कुणी विचारलंच तर लाकडं फोडायला माणूस सांगायला चालले म्हणायचं, एवढं मनाशी ठरवून ठेवलं.

"छबू, वाटीभर करून दे," दारातच उभं राहून त्या म्हणाल्या. "पदराखाली घेऊन जाते मी. कुणाला कळायचं न्हाई."

छबुबाई कमरेला हात लावून उठली. "पदराखाली न्ह्यायला आमी काय चोरी केलीय का, आक्का? एक तर सुभद्रेला हितं धाडा, माझ्या चुलीपाशी बसून पोटभर खाईल. न्हाईतर मी तुमच्या घरी येते, तुमच्या चुलीवर करते. लपवून मात्र देणार न्हाई."

"अगं, गावात र्‍हायचंय आमाला."

"मला कुठं र्‍हायचंय मग?"

विमलबाईंनी मनात हिशेब मांडला. भर दिवसा गरोदर सुनेला बौद्धवाड्यात जेवायला धाडलं तर संध्याकाळपर्यंत मांजरसुंब्याच्या धाब्यांवर बातमी. त्यापेक्षा आपलं घर बरं, दार तरी लावून घेता येतं. "रविवारी ये," त्या म्हणाल्या. "मालक छावणीवर असत्यात. परसदारानं ये."

सोसायटीनं गावाबाहेर गुरांची छावणी उघडली होती, आणि सुंदरराव दिवसभर तिथंच असायचे. सरकारी चारा, टँकरचं पाणी, आणि लोकांची मरतुकडी जनावरं. माणूस सकाळी बैलांना जगवायला निघाला, आणि इकडं बायकोनं परसदाराची कडी काढून ठेवली. विमलबाईंना हे कळत नव्हतं असं नाही. कळत होतं म्हणून तर त्यांना एका जागी बसवेना. त्या उठत होत्या, बसत होत्या, पुढच्या दाराची कडी चाचपून येत होत्या.

छबुबाई नेकनूरच्या बाजारातून एसटीनं आली ती दुपारी. पिशवीतून मांडीचा मोठा अखंड तुकडा निघाला. विमलबाईंनी तोंड फिरवलं, मग परत बघितलं. सुरीच्या टोकानं छबुबाईनं त्याला भोकं पाडली, प्रत्येक भोकात लसणाची पाकळी आणि खडा मीठ कोंबलं, वरून लाल तिखट आणि भाजलेले धने चोळले. हंडीच्या तळाला चरबी आणि कांद्याचे काप, त्यावर तुकडा. झाकणाच्या कडेला ज्वारीच्या पिठाचा ओला कणकेरा लावून तोंड बंद केलं. खाली मंद आर, झाकणावर निखारे.

"पाणी?" विमलबाईंनी विचारलं.

"थेंब बी लागत न्हाई. आपल्याच चरबीत शिजतंय. औंदा तर हेच परवडतंय."

आणि मग वास सुटला. विमलबाईंना वाटलं होतं, घाण वास येईल, आपण नाकाला पदर लावून बसू. तसलं काही नाही. लसूण, धने आणि तापलेल्या चरबीचा असा खमंग वास, की तोंडाला पाणी सुटलं, आणि त्याची त्यांना जास्तच भीती वाटली. हा वास भिंतीत थांबणारा नव्हता. त्यांनी डब्यातल्या मूठभर लाल मिरच्या काढल्या आणि पुढच्या खोलीत शेगडीवर टाकल्या. क्षणात असा ठसका उठला की सुभद्रा, छबुबाई आणि त्या स्वतः, तिघी डोळे पुसत खोकत सुटल्या.

"आक्का, मारताव का काय आमाला?" छबुबाई म्हणाली.

तेवढ्यात कडी वाजली. समोरची बायनाबाई. विमलबाईंनी दार फटीएवढंच उघडलं.

"सुनेची दृष्ट काढली व्हय?" बायनाबाई नाकाला पदर लावून म्हणाली. "पण ठसका लई उठला की. दृष्ट असती तर मिरचीचा वास बी आला नसता. सुनेला दृष्ट न्हाईच तुझ्या."

"न्हाई ना. तेवढीच खात्री झाली."

"आणि मिरचीच्या मागं हे काय चरबीवानी वास मारतंय?"

"शेगडीत तेलकट फडकं पडलं," असं म्हणून विमलबाईंनी दार लावलं. कडी परत घातली. फटीतून बघितलं, तर बायनाबाई घरी न जाता आपल्या ओट्यावर सूप घेऊन तुरी निवडत बसलेली, आणि तिची नजर इकडंच.

दिवस कलायला लागला. सुंदरराव यायची वेळ जवळ येत होती, आणि हंडी काही उतरेना. विमलबाई चार चार वेळा विचारायच्या, छबुबाई झाकणाला कान लावायची आणि "दम धरा" म्हणायची. शेवटी एकदाचं तिनं निखारे बाजूला सारले आणि कणकेरा फोडला. तुकडा बाहेरून काळपट तांबूस झाला होता. सुरी लावली तर रेषा रेषा सुटल्या.

सुभद्रेपुढं ताट आलं. तिनं पहिला घास घेतला, चावला, गिळला. विमलबाई तिच्या गळ्याकडं बघत होत्या. दुसरा घास, भाकरीबरोबर तिसरा. आता उठते, आता परसाकडं पळते, असं वाटत होतं, पण पोरगी उठली नाही. उलट तिच्या कपाळावर घाम आला, ओठांना रंग आला, आणि ती नीट पाट सरकवून बसली. विमलबाईंच्या डोळ्यांतनं पाणी वाहायला लागलं. मिरचीचं म्हणावं तर मिरची केव्हाच विझली होती.

"देव तुझं भलं करो, छबू," त्या म्हणाल्या, आणि अगदी मनापासून म्हणाल्या.

"तांब्याभर पानी द्या आक्का," चुलीपुढून सरकत छबुबाई म्हणाली. "घशाला पार कोरड पडली."

विमलबाई लगबगीनं उठल्या. घरात टँकरची एकच घागर होती, तरी त्यांनी तांब्या काठोकाठ भरला. या बाईला आज काय देऊ आणि काय नको असं त्यांना झालं होतं. त्या छबुबाईपुढं आल्या, आणि तांब्या धरलेला हात आपोआप वर गेला. खांद्याच्याही वर. छबुबाईनं खाली ओंजळ धरायची आणि वरून धार सोडायची, असा. त्यांच्या सासूचा हात असाच वर जायचा, त्यांच्या आईचाही जायचा. विमलबाईंनी तसं ठरवलंही नव्हतं.

छबुबाईचा हात तांब्या घ्यायला पुढं आला होता. तिनं वर गेलेल्या हाताकडं बघितलं आणि आपला हात मागं घेतला. ओंजळ काही तिनं धरली नाही.

"र्‍हाऊ द्या. घरी जाऊन पिते," एवढंच ती म्हणाली. हंडी तिथंच ठेवली, सुरी पुसून पिशवीत टाकली, आणि परसदाराकडं न जाता सरळ पुढच्या दाराची कडी काढून बाहेर पडली.

विमलबाई तांब्या घेऊन उभ्याच. मागं ताट सरकल्याचा आवाज झाला. सुभद्रेनं हातातला घास खाली ठेवला होता.

"खा की गं."

"घास उतरत न्हाई आत्याबाई," सुभद्रा म्हणाली. ती रागावलेली नव्हती, रडत नव्हती. "फडावर मला ताप भरला होता, तवा तिनं मला मांडीवर घेऊन तिच्या तांब्यानं पानी पाजलं. ती तशीच तहानलेली गेली. कसा उतरंल?"

विमलबाईंनी ताटाकडं बघितलं, सुनेच्या पोटाकडं बघितलं. मग आपल्या हाताची त्यांना अशी चीड आली की तो तोडून टाकावा. पदर नीट करायलाही न थांबता त्या उंबरा ओलांडून गल्लीत आल्या. छबुबाई बायनाबाईच्या ओट्यापर्यंत पोचली होती.

"छबुबाई, थांबा," त्या म्हणाल्या. आवाज बारीक काढायचं भान राहिलं नाही. "पाणी पिऊन जावा."

छबुबाई थांबली. विमलबाईंनी तांब्या दोन्ही हातांनी धरून तिच्या हातात दिला. पाणी थोडं हिंदकळलं, दोघींच्या बोटांवर सांडलं. छबुबाईनं क्षणभर त्यांच्या तोंडाकडं बघितलं, मग तांब्याला तोंड लावलं आणि गल्लीच्या मधोमध उभं राहून घटाघटा सगळं पाणी प्याली. प्यायला बराच वेळ लागला. बायनाबाईच्या हातातलं सूप तसंच राहिलं.

छबुबाईनं पदरानं तोंड पुसलं, तांब्या परत दिला आणि आपल्या वाटेनं गेली.

"ही कावून आलती गं तुझ्याकडं?" बायनाबाईनं विचारलं.

"माझ्या सुनेला बड्याचं करून घालायला," विमलबाई म्हणाल्या, आणि सून जेवायला लागली का ते बघायला घरात गेल्या.