दादाचं मधलं बोलणं

दादाच्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क शेवटच्या घटका मोजत होती आणि बॅकअप मुंगीच्या पावलांनी चालला होता. लोकांच्या फायली एका मशीनवरून दुसऱ्यावर सुखरूप नेणं, यावरच माझं पोट चालतं. दादाला जाऊन महिना झाला होता. मला रडू आलं नव्हतं, काहीच येत नव्हतं. मी केबल बदलली, राउटर बंद करून चालू केला, अँटिव्हायरस थांबवला. तरी ढिम्म! मग माझ्या लॅपटॉपवरून एक भलीमोठी फाइल पाठवून पाहिली, ती सुसाट गेली. म्हणजे नेटवर्कला उगाच शिव्या घातल्या. घोळ डिस्कपाशीच होता.

डिस्क कोण वाचतंय ते पाहिलं. एक माझा बॅकअप. दुसरा, स्वयंपाकघरातला टॅबलेट.

वहिनी कानात इअरफोन घालून भांडी विसळत होती.

"दादाचं रेकॉर्डिंग लावलंयस?" मी कावलेच. "अगं, डिस्क मरायला टेकलीय! बॅकअप एकीकडे ओढतोय, तू दुसरीकडे. कुठलं पुस्तक हवंय ते सांग, आधी तेवढं देते."

दादा पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायचा, तोच त्याचा धंदा.

"पुस्तकं कशाला? ती विकत मिळतात," वहिनी म्हणाली. "मी मधलं शोधतेय. चुकला की स्वतःला गाढवा म्हणतो ते. एकदा मला हाक मारून पाणी मागितलंय."

म्हणून ती या फाइलमधून त्या फाइलमध्ये उड्या मारत होती आणि डिस्कला धाप लागत होती.

"मधलं सगळीकडे विखुरलंय, म्हणजे सगळंच वाचवायला हवं. संध्याकाळपर्यंत काही लावू नकोस."

तिने टॅबलेट बंद केला. बॅकअप लगेच पळायला लागला. दिवेलागणीला शेवटची फाइल आली. गिऱ्हाइकाचं काम उरकावं तसं मी ते उरकलं.

"त्यात मधलं किती निघेल गं?" वहिनीने विचारलं.

"तास. फार तर दोन."

"दोन तासांचा नवरा," ती म्हणाली. "पुरवून पुरवून ऐकायला हवा. आज नकोच." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तू पण आहेस त्यात. 'आली आमची घोरपड, दार आपटत.'"

"कुठल्या फाइलमध्ये?"

"ते कुठे लक्षात ठेवलं मी!"

मी खुर्ची ओढली आणि पहिली फाइल लावली.